होडीवाल्याचं आवतण

आमच्या काठावर होडीवाल्यानं जेवायला बोलावलं तर कुणी हात धुवायला उठत नाही. होडी नाईलच्या मधोमध, होडीवाल्याच्या पुढ्यात एक कांदा नि चीजचा तुकडा, आणि हा तिथून काठावरच्या माणसाला ओरडतोय, "या, जेवायला या!" काठावरचा छातीवर हात ठेवतो, "हाताला बरकत राहो" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. दोघांचा मान राहतो, कांदाही राहतो. असल्या तोंडदेखल्या बोलावण्याला सगळा मुलूख होडीवाल्याचं आवतण म्हणतो, आणि त्यात आमच्या रश्वान होडीवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यात तो इंग्रजीतूनही बोलवायचा. त्याच्या इंग्रजीत कर्ता नव्हता नि क्रियापदही नव्हतं. जे होतं ते सगळं सब्रीननं दिलेलं. सब्रीन त्याची एकुलती एक लेक. पलीकडच्या काठावर, लक्सरला, इंग्रजीची मास्तरीण व्हायला शिकत होती आणि येता-जाता होडीत बसून बापाला शिकवायची.

"बाबा, कोण काय करतंय ते हातवाऱ्यांनी कळतं," ती म्हणायची. "कुठं, केव्हा, कुणाबरोबर, कशासाठी, एवढं तोंडानं सांगता आलं की झालं."

रश्वानला हे फार पटलं. होडीकडे बोट दाखवून तो 'बाय बोट' म्हणायचा आणि काठानं पायी जाणाऱ्यांकडे नाक मुरडून 'ऑन फूट'. सूर्यास्ताची फेरी 'अॅट सनसेट'. वारा पडला की दोन्ही हात पसरून 'विदाउट विंड', म्हणजे आता बसा गप्प. 'इन अ मिनिट' तो इतक्या सढळपणे वापरायचा की त्या मिनिटात चहा उकळून, पिऊन, पेले विसळून व्हायचे. संध्याकाळी घरी आल्यावर बापलेकीची उजळणी चालायची आणि अंगणात भाकरी थापता थापता सब्रीनची आई फौकिया दोघांना हसायची.

मग एका उन्हाळ्यात ताप आला आणि सब्रीन गेली.

फौकियानं मातीची भट्टी विझवली ती विझवलीच. उन्हात फुगणाऱ्या आमच्याकडच्या जाड भाकरीला तिच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. तिनं पीठ फुगत ठेवायच्या मातीच्या थाळ्या शेळ्यांच्या गोठ्यामागे रचून ठेवल्या, खमिराचं मडकं वाळू दिलं. घरात भाकरी विकतची येऊ लागली. रश्वाननं एकदा चुकून घरात इंग्रजी शब्द काढला तर म्हणाली, "ते नदीवर ठेवून येत जा." लेकीचं नाव तर तिनं तोंडातूनच काढून टाकलं. पूर्वी नवऱ्याला 'सब्रीनच्या बापा' अशी हाक मारायची, आता नुसतं 'ऐकलंस का'. बायको रडली असती तर रश्वानला सोसलं असतं, पण ही त्याच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती. त्याला देवाकडे एकच मागायचं होतं, पुन्हा एकदा ती हाक कानावर पडू दे. नदीवर मात्र तो पूर्वीपेक्षा मोठ्यानं इंग्रजी ओरडायचा. लोक म्हणायचे, म्हातारा गिऱ्हाइकं गोळा करतो. लोकांना काय कळतं! तो लेकीचे शब्द तोंडात ठेवत होता, दुसरं काही नाही.

तर एका हिवाळ्यात, गुरुवारी, पलीकडच्या काठावर बाकावर बसलेल्या एका इंग्रज म्हाताऱ्या जोडप्यानं त्याला हात केला. रश्वान भर पाण्यात. सवयीनं ओरडला, "अॅट माय हाउस! फॉर लंच! ऑन फ्रायडे!"

बाई उठून उभी राहिली आणि तिनं विचारलं, घर कुठं?

इथं शहाण्या होडीवाल्यानं छातीवर हात ठेवून शीड फिरवलं असतं. पण कुठं याचं उत्तर देणं हीच तर रश्वानची विद्या. "बिहाइंड द मॉस्क! निअर द बिग पाम! विथ ब्लू डोअर!" असा पत्ता त्यानं ठणकावला आणि स्वतःवरच खूश होऊन निघून गेला.

पत्ता सगळा खरा होता, तिथंच घोटाळा झाला. शुक्रवारी सकाळी शेजारीण उम्म बद्री निळ्या दारात उभी राहून पोट धरून हसत होती. "रश्वान, बाहेर ये! तुझं आवतण पायी चालत आलंय!"

तिच्यामागे कालचं इंग्रज जोडपं, डोरीनबाई नि त्यांचा नवरा क्लिफर्ड, हातात खजुरांचा खोका घेऊन. फेरीबोटीनं नदी ओलांडून, मशिदीमागून, माडाएवढ्या खजुराला वळसा घालून बरोबर आले होते. उंबरा ओलांडलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. त्यांना खाटेवर बसवून तो आत पळाला.

फौकिया भिंतीकडे तोंड करून पडली होती. "नदीत बोलावलंस ना? मग नदीतच जेवायला घाल."

"अगं, म्हातारी माणसं आहेत. एवढं चालून आलीत."

"ऐकलंस का, मला उठवू नकोस."

एवढ्यात कुंपणावरून उम्म बद्रीचा आवाज आला. आवाज असा की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावा. "काळजी करू नकोस रे रश्वान! बदक मी पाठवते, भाकऱ्याही माझ्याच पाठवते. तुमच्या घरात काय, भट्टी थंड!"

फौकिया उठून बसली. "कुणाच्या भाकऱ्या?"

"उम्म बद्री देते म्हणतेय..."

"तिच्या? त्या कडेनं जळक्या नि मधे कच्च्या? माझ्या दारात पाहुणा बसलाय आणि तिची भाकरी खाणार?" ती उभी राहिली, भिंतीला धरून क्षणभर थांबली आणि डोक्याचं फडकं घट्ट बांधलं. "बदक घे तिचं. भाकरी नको. खमीर आण."

रश्वान खमीर आणायला धावला तसा तरुणपणीही कधी धावला नसेल. परतला तर फौकियानं थाळ्या अंगणात आणून धुवायला घेतल्या होत्या. तिनं पीठ मळलं, मोठमोठे गोळे करून थाळ्यांवर मांडले. मग नवऱ्याला म्हणाली, "तू इथं घुटमळू नकोस. नमाजाची वेळ झाली, जा."

मशिदीत त्या दिवशी प्रवचन कशावर होतं ते रश्वानला विचारू नका. बाहेर पडून त्यानं चपला घातल्या, मान वर केली, तर खजुराच्या शेंड्याजवळून धूर चढत होता. त्याच्या घराचा धूर. शेजारी कुणीतरी विचारलं, "काय रे, डोळ्यांत काय गेलं?" तर म्हणाला, "धूर." धूर तिथून दोन गल्ल्या लांब होता.

दाराशी पोचला आणि आतला आवाज ऐकून तिथंच थबकला.

"इन द सन!" फौकिया कुणालातरी दटावत होती. "नो, नो. फ्रॉम द शेड... टु द सन!"

खजुराची सावली सरकत आली होती आणि डोरीनबाई कोपरापर्यंत पीठ माखून, राहिलेल्या गोळ्यांच्या थाळ्या उन्हात सरकवत होत्या. क्लिफर्ड भट्टीत काटक्या घालत होता आणि उम्म बद्री कुंपणावर हनुवटी टेकून तोंड उघडं टाकून बघत होती. अंगणात भाकरी थापता थापता हसणाऱ्या बाईनं सगळं ऐकून ठेवलं होतं, एकेक शब्द, बापाच्या चुकांसकट.

डोरीनबाईंनी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात?

फौकियाचे हात थांबले. रश्वानला वाटलं, संपलं आता, उठेल नि आत जाईल.

"फ्रॉम माय डॉटर," ती म्हणाली.

बाईंनी कौतुकानं इकडंतिकडं पाहिलं, लेक कुठं दिसते का म्हणून. फौकियानं पिठाचा हात उचलून डोंगराच्या पायथ्याकडे, कबरींकडे दाखवला. "विथ गॉड." डोरीनबाईंनी आपला पिठाळ हात तिच्या पिठाळ हातावर ठेवला आणि दोघी तशाच बसून राहिल्या, भट्टीतली भाकरी करपायला लागेपर्यंत.

"झाली की नाही माझ्यासारखी!" कुंपणावरून उम्म बद्री ओरडली, आणि फौकिया हसली. रडता रडता, पण हसली.

जेवणं व्हायला दुपार टळली. पाहुण्यांनी ताट चाटूनपुसून साफ करावं आणि फौकियानं लगेच पुन्हा भरावं, असं चाललं होतं. शेवटी क्लिफर्डनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दोन्ही हात वर केले. रश्वान त्यांना होडीतून पलीकडे सोडायला निघाला. वारा बरा होता. होडी मध्यावर आली आणि सवयीनं त्याच्या तोंडाशी शब्द आलेच, पण त्याआधी मागून, काठावरून हाक आली.

सब्रीन गेल्यापासून नदीकडे न फिरकलेली फौकिया पाण्याच्या कडेला उभी होती. "अॅट माय हाउस!" ती ओरडत होती. "ऑन फ्रायडे! विथ ब्रेड!"

डोरीनबाई होडीत उभ्या राहिल्या. होडी हेलकावली, क्लिफर्डनं त्यांचा झगा धरला, तरी त्यांनी दोन्ही हात हलवून "येस!" म्हणून सांगितलं. हे आवतण पाण्यावरून आलेलं नव्हतं. ते काठावरून आलं होतं, आणि तिच्या घरचं दार मागे उघडंच होतं.

रश्वाननं सुकाणू घट्ट धरलं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, आता आपल्या भाषेत, चांगला खणखणीत.

"सब्रीनच्या बापा! येताना पीठ आण! घरातलं संपलंय!"