आक्काची मिरची आणि समुद्राकाठचं गाव

फोन आला तेव्हा मी धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, मिरची पालथी करत होते. आक्काचीच मिरची. "मावशी… आक्का गेल्या," एवढंच दीपाली बोलली, आक्काची सून. मिरचीचे हात, डोळ्यांना लावायची सोय नाही! तशीच उभी राहिले, नाक-डोळे वाहत. हीच मिरची खुडायला आक्का येणार होती हो… आठवडाभरात येणार होती!

आक्का माझी थोरली बहीण. कळसाडी गावची सून, कापूस-उसात आयुष्य गेलेली. भाऊजी गेले आणि तिच्या मुलानं, भूषणनं वलसाडजवळ, समुद्राकाठी, घर घेतलं. गाव कसं, तर पोरंबाळं असणाऱ्यांसाठीच वसवलेलं! आखीव रस्ते, झोपाळ्यांची बाग, शाळा हाकेच्या अंतरावर. पोरं संध्याकाळी बिनघोर सायकली पिटाळतात आणि आया बाकावर बसून गप्पा हाणतात. दीपालीला त्याच शाळेत नोकरी लागली होती, पण घरी लेक रिद्धी तान्ही. आक्का राहिली तर नोकरी, नाहीतर नाही. सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं.

आक्का तिथं राहायला गेली, पण कशी? ओल्या लाल मिरचीची गोणी घेऊन! घरात घरची मिरची नाही तर ते घर कसलं, हा तिचा कायदा. आमच्या नंदुरबारच्या उन्हात पथारीवर टाकली की मिरची खुळखुळ वाजते. तिनं तिथं गच्चीवर आपली जुनी हिरवी साडी अंथरली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि मिरची पसरली. पण समुद्राची हवा ती! मिरची वाळायची सोडून घामेजली, नरम पडली, काळे डाग धरू लागली. वर वाऱ्यानं तिचा ठसका सगळ्या बिल्डिंगीत. पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे शिंकून बेजार!

मला फोन. "हाई हवाच लबाड शे वं! आठे मिरची वाळत नही, मी काय ऱ्हासू? मी ई ऱ्हायनी माघारी." माघारी यायला पिशवी भरून दाराशी ठेवली म्हणे.  दुसऱ्या दिवशी दीपालीला शाळेत जाऊन नोकरीला नाही म्हणायचं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन नाकाला पदर लावून वर आल्या. आता भांडण होणार, असं वाटून भूषण मधे उभा राहिला. हंसाबेननी एक मिरची उचलली, उजेडात धरली, आणि शिंकत शिंकतच विचारलं, असा रंग आमच्याकडे येत नाही, मला द्याल का थोडी? झालं! आक्का पाघळली. तिला तेवढंच हवं होतं, कुणीतरी मागायला हवं होतं. म्हणाली, देते ना, पण वाळल्यावर. "वाळाडाले मन्ही बहीन शे ना तठे!"

मला विचारलंय कुणी? नाव नाही! तिसऱ्या दिवशी भूषण गोणी घेऊन माझ्या दारात. सोबत ती हिरवी साडीही. पिशवी मात्र तिनं रिकामी केली होती आणि दीपाली शाळेत रुजू झाली होती.

तेव्हापासून दर माघात हा उत्सव. मिरची मी घ्यायची, मी वाळवायची. मग आक्का बिल्डिंगीतल्या बायांची पलटण घेऊन, सुरतला गाडी बदलून येणार, धाब्यावर बसून सगळ्या मिळून देठं खुडणार, कांडपावर कुटून डबे भरून नेणार. सगळ्या बाया आल्या की जिन्यातूनच हिची आरोळी, "चहा मांड वं, बठ्ठ्या बाया ई ग्यात!" तिकडं तिचं नाव पडलं होतं मरचावाळा बा, म्हणजे मिरचीवाल्या आजी. समुद्राच्या गोष्टी तर किती सांगायची! "इतलं पानी शे नि एक वावरना कामनं नही!" असं त्याला तोंडावर सुनावून यायची म्हणे. मी हसायचे, पण आतून वाटायचं, ही मुलाच्या संसारासाठी राहिलीय, जीव हिचा कळसाडीतच आहे. मला बरं वाटावं म्हणून एवढं रंगवून सांगते. विचारायचं राहूनच गेलं…

दिवस-कार्य झाल्यावर परत आले आणि मिरची तशीच झाकून ठेवली. आता कोण येतंय? तर गेल्या रविवारी जिन्यात धपाधप पावलं आणि आरोळी, "चहा मांड वं, बठ्ठ्या बाया ई ग्यात!" हातातलं टाकून जिन्याकडं धावले. बघते तर आक्काची रिद्धी! दोन वेण्या उडवत पुढं, मागं दीपाली, हंसाबेन आणि अख्खी पलटण. रडल्या, हसल्या, शिंकल्या, आणि बसल्या खुडायला.

न राहवून मी हंसाबेनना विचारलं, आक्काला गावाची फार आठवण यायची का हो? त्या म्हणाल्या, "येतच होती. इथं तुमच्याकडे चार दिवस झाले की लगेच, चला आपल्या गावी, चला. मी एकदा विचारलं, कळसाडीला का बा? तर मला मारायलाच धावल्या. म्हणे, कळसाडी काय? आपलं गाव, समुद्रवालं!"

बाया डबे घेऊन गेल्या. मी मिरचीखालची हिरवी साडी झटकली, घडी केली. पेटीत ठेवणार होते, आठवण म्हणून… नाही ठेवली. जिन्यातल्या खुंटीला अडकवली. पुढच्या माघात लागेल.