ओट्यावर बसलेले दगडूभाऊ

तिसरा तास चालू होता. शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाला, "बाई, फोन हाय. पुण्यावरनं." ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे सुमनबाई. "वहिनी, आमचं मानूस गेलं," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान दगडूभाऊ साळवे लेकीकडे गेलेत, थोडे दिवस राहून येतील, अशीच आमची इकडे पिंपळवंडीत समजूत होती. मी विचारलं, असं अचानक काय झालं? म्हणाल्या, "पाय काढला व्हता. तरी इख अंगात भिनलं." कुठला पाय, कशासाठी काढला, मला काहीच ठाऊक नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी जो माणूस आमच्या ओट्यावर बसून जेवून जायचा, त्याच्या पायाला काय झालं होतं हे आम्हाला तो गेल्यावर कळलं. याला आता दीड महिना होत आला, पण माझा राग काही जात नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत.

दगडूभाऊ वीज मंडळात वायरमन होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी खांबावर असताना त्यांचे हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली उतरवून तपासलं तर साखरेचा आजार निघाला. आधी गोळ्या, मग दोन वेळची इन्सुलिनची सुई. त्या दिवसांबद्दल ते एकदाच बोलले होते. "डाक्टरनं पथ्य सांगितलं, औषिद दिलं. पन दगडू, तुला भ्या वाटतंय का, आसं कुनीच इचारलं नाय. लई भ्या वाटत व्हतं, वहिनी. रोज संध्याकाळी हिरीच्या काठाला जाऊन बसायचो..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून एखाद्याला साखर निघाल्याचं कानावर आलं की हा माणूस त्याच्या घरी हजर. खोडदला सायकलवर जायचे. तळेघरच्या बाजूला एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर पायी. जाऊन औषधाचं एक अक्षर बोलायचे नाहीत. शेजारी बसायचे आणि विचारायचे, "भ्या वाटतंय का?" भल्याभल्या मिशीवाल्यांना त्या प्रश्नावर रडताना मी पाहिलं आहे.

आमच्या घरी ते आले ते माझ्या सासूबाईंसाठी. गोळ्यांनी भागत नाही, आता सुई घ्यावी लागेल, असं नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. आमच्याकडे सुई म्हणजे शेवटची पायरी. सुई लागली की माणसाने आवराआवर करायची. त्यांनी खरोखरच आवराआवर सुरू केली. नथ नणंदेला देऊन टाकली, चांगली लुगडी जावांना वाटली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवायला उठवलं तर म्हणायच्या, "कशाला भाकरीची नासाडी?" आम्ही समजावलं, रागावलो, देवाच्या शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

दगडूभाऊ आले, पायरीपाशी बूट काढले आणि सरळ माजघरात सासूबाईंच्या उशाशी येऊन बसले. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यांच्या वस्तीतलं कुणी तोवर आमच्या ओट्याच्या आत आलेलं नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटते, पण नव्हतं आलेलं. सासूबाई ताडकन उठून बसल्या. आम्ही इतके दिवस उठवत होतो तेव्हा नाही उठल्या, तेव्हा उठल्या. दगडूभाऊंनी खिशातून सुई काढली, सदरा वर करून पोटात टोचली आणि शांतपणे म्हणाले, "मावशी, सुई घेतली. आता अर्ध्या तासात पोटात भाकरी नाय गेली, तर मी हितंच आडवा व्हनार. मंग गाव तुमाला इचारंल." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट वाढलं. "एकट्यानं खायची सवय नाय मला," ते म्हणाले. सासूबाईंनी चार घास खाल्ले. मग दगडूभाऊंनी तो प्रश्न विचारला आणि सासूबाई अशा रडल्या की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

ही त्यांची रीतच होती. ज्या घरात पूर्वी त्यांना पाणीसुद्धा वरून ओतून मिळालं असतं, तिथे जाऊन आधी सुई टोचून घ्यायची, मग वाढतील त्याची वाट बघत बसायचं. घरच्यांना पर्यायच ठेवायचा नाही. रोग्याची भीती जायची आणि घरच्यांचंही बरंच काही जायचं. सासूबाई पुढच्याच महिन्यात सुई घ्यायला लागल्या. वाटलेली लुगडी परत मागता येईनात, म्हणून त्यांनी नवी घेतली. बाजाराच्या दिवशी दगडूभाऊंची वाट बघायच्या, आले की दोघांची जुंपायची. "साळव्या, तुझ्यापायी मपलं मरान लांबलं," त्या म्हणायच्या. "लांबूंद्या की. घाई कुनाला हाय?" हे त्यांचं उत्तर.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर दगडूभाऊ एकाएकी ओट्यावरच बसायला लागले. बूट काढायचे नाहीत, आत यायचे नाहीत. सासूबाई आतून हाका मारायच्या, ते बाहेरून उत्तरं द्यायचे. ताट बाहेर न्यायला मला कसंतरीच व्हायचं. शेवटी एकदा मी विचारलंच, "भाऊ, आत का येत नाही? कुणी काही बोललं का?" ते हसले. "ओटाच बरा हाय, वहिनी. आमच्या लोकांची जागा ती." या वाक्यापुढे आमच्यासारख्या घरातला माणूस काय बोलणार? यजमानांनी भावकीत चौकशी केली, कुणी अपमान केला का म्हणून. सासूबाई तर दोन दिवस आपलंच काही चुकलं का ते आठवत बसल्या. एकालाही त्यांच्या बुटाकडे बघायचं सुचलं नाही. या माणसाला बरोबर माहीत होतं, कुठलं वाक्य टाकलं की आमची तोंडं शिवली जातील.

ते गेल्याचं कळलं आणि गावात बोलायला सुरुवात झाली, "सुई घेऊन बी पाय गेला आन् मानूस बी गेला." ज्यांनी त्यांच्या शब्दावर सुई धरली होती, त्यांतल्या काहींनी सोडली. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सोडली. पुन्हा तीच भिंत, तेच पाठमोरं अंग. "त्यालाच नाय लागू पडली, मला काय पडती?" साखर भराभर चढत होती, आणि आता कुणाला बोलावून आणावं हेच आम्हाला कळत नव्हतं.

दगडूभाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुमनबाई स्वतः आल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. सासूबाईंच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सुईनं नाय गेला तो. टाचंत काटा मोडला व्हता, पाय साखरेनं बधिर झालेला, त्याला कळलाच नाय. नंतर चिघळला. मी म्हनले, दवाखान्यात चल. तर म्हनला, माजा पाय बघितला तर लोकं सुई टाकत्याल. पिंपळवंडीची मावशी सगळ्यात आदी टाकंल. जरा बरा व्हऊंदे, मंग दावू." त्यांनी दाराबाहेरच्या ओट्याकडे पाहिलं. "बूट काढला की वास यायचा, मावशी. म्हनून आत येत नव्हता तुमच्या."

मला इतका संताप आला की रडूही येईना. इतरांना भीती विचारत हिंडणाऱ्या या माणसाला स्वतःची भीती सांगायला आमच्यातलं एकही दार सापडू नये... आणि जे सापडलं होतं, तेही त्याने आमच्याच भल्यासाठी बंद करून घ्यावं.

सासूबाई भिंतीकडेच तोंड करून होत्या. त्या सावकाश वळल्या, उठून बसल्या आणि लुगड्याचा काठ घोट्याच्या वर घेतला. "सुमन, बघ बरं जरा. मला दिसत नाय." सुमनबाईंनी त्यांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, बोटं फाकवली. करंगळीच्या बेचक्यात काळपट, ओली जखम होती. रोज त्यांना आंघोळ घालणारी मी, मलाही ती कधी दिसली नव्हती. पाय त्या स्वतःच धुवायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत.

"कवाधरनं हाय ही?" सुमनबाईंनी विचारलं.

"लई दिस झालं. दुखत नाय काय."

"मंग का नाय सांगितलं?"

मी रिक्षा बोलवायला उठले. सुमनबाईंनी पदराने जखमेभोवतीचं पाणी टिपलं आणि फडकं मागितलं. त्या बांधत असताना सासूबाई खाली वाकल्या आणि मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तरी दाराशी मला ऐकू आलंच, त्यांना म्हणाल्या, "दगडूला सांगू नगं हां. त्याच्या जिवाला लागंल."

"नाय सांगत," सुमनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गाठ मारली.