कहकशांच्या बाहुल्यांचा बाजार

मुखेडच्या कहकशांचा धंदा ब्लाऊज शिवण्याचा. उरलेल्या चिंध्यांतून तिनं एकदा कासारणीची बाहुली केली, वीतभर उंचीची. डोक्यावर बांगड्यांची टोपली, गालात पान. मग आठवडी बाजारातली एकेक माणसं तिच्या मशीनवरून उतरू लागली. लातूरचे ईश्वरप्पा त्या बाहुल्या आपल्या दुकानात काचेमागं मांडत.

लोक थांबत, फोटो काढत. घ्यायची वेळ आली की म्हणत, "सगळा बाजार होऊ द्या, एकदमच नेऊ." एका वर्षी ईश्वरप्पांनी दिवाळीनंतर सूट दिली. पुढच्या वर्षी दिवाळी उलटेपर्यंत कोणी हातच लावला नाही. किंमत उतरवायची म्हणून कहकशांनं दोऱ्यानं डोळे भरायचे सोडून टिकल्या चिकटवल्या, तर गिऱ्हाईक म्हणालं, "पहिल्यासारखी मजा न्हाई." ढिगानं खपायचा तो एकटा एसटीचा कंडक्टर.

"तेवढेच करत जा," ईश्वरप्पा म्हणाले. तिनं पोतंभर कंडक्टर शिवले. शेवटी खाकी कापड बघितलं तरी जीव विटायचा. तिनं बाहुल्याच बंद केल्या.

उन्हाळ्यात लातूरच्या एक शिक्षिका, उज्वलाताई, पत्ता विचारत दारात आल्या.

"दरवर्षी मी एक नवी नेते. यंदा दुकानात काहीच नाही?"

"सगळे थांबून राहिले, ताई. सेट पुरा झाला की घेऊ म्हणतात. कोणी घेतल्याबिगर पुरा कसा व्हावा?"

उज्वलाताई म्हणाल्या, "माझी आई इकडचीच. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत. मीसुद्धा नाही. पण तुझ्या कासारणीपुढं बांगड्या भरून घ्यायला रोज हात धरते."

कहकशां उठून चहा ठेवायला गेली.

त्या गेल्यावर तिनं ब्लाऊज बाजूला सारले आणि शेळी विकायला आलेली म्हातारी केली. डोळे पुन्हा दोऱ्यानं भरले. बाहुली घेऊन ती स्वतःच लातूरला गेली. आधी दुकानात शिरली.

"अप्पा, आता सूट न्हाई अन् ढीगभर मालबी न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं आधी सांगावं. तेवढ्याच करीन."

"गिऱ्हाईक तुटेल, बेटी."

"जे नुसते थांबून हायेत, ते कुठं गिऱ्हाईक हायेत?"

तिथून ती उज्वलाताईंच्या घरी गेली. त्यांच्या आई खिडकीपाशी बसल्या होत्या. कहकशांनं शेळीवाली म्हातारी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी शेळीच्या पाठीवरून बोट फिरवलं, कान उचलून बघितले.

"केवढ्याला देतीस?"

कहकशांनं किंमत सांगितली.

"लई सांगून राहिलीस. नीट बोल."

उज्वलाताईंनी तोंडाला पदर लावला. कित्येक महिन्यांत आई इतकं बोलली नव्हती. कहकशां आईंपुढं फरशीवर मांडी घालून बसली आणि सौदा लांबावा म्हणून थोडी थोडीच खाली येत गेली.

आता मागण्या मोजक्याच येतात, पण येतात. पोट अजून ब्लाऊजवरच चालतं. सध्या मशीनवर कुंकू विकणारी आहे. तिचे हात तेवढे बाकी आहेत.