दिगंबर पडला नाही

ओल्या सरकीचा वास आला की मला मेहकरचे ते प्रात्यक्षिक आठवते. बीटीचे बियाणे पेरूनही कपाशी हातची गेली, त्याच वर्षी शाळेत ज्यूदो-शिक्षकाची एकच जागा निघाली होती. मी आणि माझा मित्र दिगंबर, आम्ही दोघेच उमेदवार होतो. निवडीच्या प्रात्यक्षिकात आळीपाळीने एकमेकांसाठी पडायचे, असे आमच्यात ठरले होते.

त्याच्या डावाला मी निमूटपणे अंग देऊन पडलो. माझ्या पाळीला मी मागे रेटण्याची हूल दिली, गर्रकन वळलो आणि त्याला माझ्या पाठीवर ओढू लागलो. तो पाय रोवून उभाच राहिला.

"पड ना बे!"

"काऊन पडू? जागा एकच हाय."

जागा दिगंबरला मिळाली. माझ्या तक्रारअर्जाला शाळेकडून रीतसर उत्तर आले : प्रात्यक्षिकात पडण्याचे बंधन कोणत्याही नियमात नाही.

उत्तर बिनचूक होते. संताप त्या बिनचूकपणाचाच आहे.