आक्का चिमूट मागतात

मालनबाईंचा अर्धा ओठ झोपलेला आहे आणि उरलेल्या मालनबाई संतापाने जाग्या आहेत. दाढ काढून आलेल्या बाईला त्या कालच्या पोरीने, म्हणजे डॉक्टरणीने, काय काय नियम लावावेत याला काही सुमार? कापसाचा बोळा दाबून धरा. थुंकू नका. आज चूळ भरू नका, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळूच भरा. चहा गरम नको. खड्ड्यात जीभ घालू नका, तिथे रक्ताची गुठळी धरायला हवी, ती निघाली तर आतलं हाड उघडं पडेल आणि मग रात्रभर रडाल. आणि मिश्रीचं तर नावही काढू नका. सून अश्विनीने हे सगळं पाढ्यासारखं पाठ केलं आणि स्कूटीवरून येताना पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. घरी आल्यावर, बोळा निघाला की वाटीत आइस्क्रीम देते म्हणाली. साठी ओलांडलेल्या बाईला आइस्क्रीम. आणि तेही गार करून खा म्हणाली नाही, हेच नशीब.

एक गोष्ट मात्र अश्विनीला पाठ नाही, कारण डॉक्टरणीने ती सांगितली तेव्हा सून औषधाच्या दुकानात होती. दाढेशेजारी गालाला आतून पांढरा चट्टा आहे. जखम भरली की तपासायला या, टाळू नका. मालनबाईंनी मान हलवली आणि तो विषय तिथेच खुर्चीत ठेवून त्या उतरल्या.

"आत्या, जरा पडा," अश्विनी म्हणते. "बोळा काढायला मी उठवते."

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून खाटेवर आलेलं आहे. उशीखाली मिश्रीची डबी आहे. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड, बोटावर घेऊन दातांना घासायची, लग्न झाल्यापासूनची सवय. सकाळपासून बोट नुसतं शिवशिवतंय. एवढीशी लावली तर कुणाला कळणार आहे? तिकडून नाही, या बाजूने. डबीवर हात ठेवून मालनबाई डोळे मिटतात.

परसात धुण्याच्या दगडाशेजारी डॉक्टरणीची खुर्ची ठेवलेली आहे. वरचा दिवा भर उन्हात लागलाय. खुर्चीत अंजनाक्का बसल्या आहेत, मालनबाईंच्या थोरल्या जाऊबाई. तोंडातल्या जखमेने गेल्या त्याला काही वर्षं झाली, पण बोट अजून काळंच आहे.

"मालन, चिमूटभर दे गं."

मेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागू लागलं तर द्यायचं नसतं, हे मालनबाईंना त्यांच्या आईने शिकवलेलं. घाबरायला हवं खरं तर. पण त्यांना भीती वाटत नाही, तिडीक येते.

"मागायला लाज वाटत न्हाई तुम्हास्नी?" तोंडात बोळा असूनही शब्द स्वच्छ निघतात. "नवी नवरी हुते मी. दाढ ठणकली तर माझ्या बोटावर मिश्री कुणी ठिवली?"

"मी ठिवली. दाढ गप झाली का न्हाई?"

"झाली. आन् जलमाची सवय लागली त्येचं काय?"

परसातल्या नळाचं पाणी वाहत वाहत फरशीवर येतं, आणि फरशी दवाखान्यातली आहे. पांढऱ्या खाटा ओळीने मांडलेल्या. अंजनाक्का शेवटच्या खाटेवर आहेत, नाकात नळी, तोंडावर पदर. मालनबाईंना ही खाट ओळखू येते. याच खाटेशी बसून त्यांनी नळीतून पेज घातली होती.

"तुम्ही उष्णता हाय म्हणून सांगत हुता. तोंडात गुलकंद धरून बसायचात. पदराआड जेवायचात. मी रोज मांडीला मांडी लावून बसत हुते, आन् मला सुदिक सांगितलं न्हाईत."

"कांद्याची लावणी चालली हुती," अंजनाक्का पदराआडून म्हणतात. "ती आटपू दे म्हणलं."

"मग?"

"मग ऊस तुटायला आला. मग धाकटीचं बाळंतपण."

"आन् मयताला बरी सवड काढलीत समद्यांची."

मालनबाईंना रडू येत नाही. आक्का गेल्या त्या दिवसापासून आलंच नाही, नुसता राग येतो. एका तव्यावर दोघींची मिश्री भाजली, धुराने दोघींना एकच ठसका लागला, एका दगडावर उकिडवं बसून दोघींनी दात घासले. सासूच्या कागाळ्या केल्या, नवऱ्यांच्या केल्या. आणि सांगायचं तेवढंच या बाईने पोटात ठेवलं. एकटी टाकून गेली, आणि वर चिमूट मागायला येते.

दवाखान्याच्या खाटेखाली चूल पेटलेली आहे. तव्यावर तंबाखू धुमसतेय. अंजनाक्का पालथी मांडी घालून समोर बसल्या आहेत आणि तळहात पुढे केलेला आहे.

"दे की."

"न्हाई देणार. कितीबी मागा."

"मग कुणासाठी राखून ठिवलीयास? उशाखाली हाय. दिसतीया मला."

अंजनाक्का तळहात मागे घेतात आणि सरकत जवळ येतात.

"तोंड उघड."

"बोळा हाय तोंडात."

"उघड म्हणते."

वासराला औषध पाजताना धरावी तशी अंजनाक्का त्यांची हनुवटी धरतात. तव्याच्या वर डॉक्टरणीचा दिवा लागलाय. त्या उजेडात अंजनाक्का आत बघतात, बराच वेळ.

"सुनंला सांगितलंस?"

"तिच्या भावाचं लगीन हाय," मालनबाई म्हणतात. "त्ये आटपू दे म्हणलं."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू येतं. अंजनाक्का हनुवटी सोडत नाहीत. बोटं गार आहेत आणि घट्ट आहेत.

"आत्या, उठा. बोळा काढायचाय."

ऊन गजांवरून खाली उतरलंय. मालनबाई बोळा काढून अश्विनीच्या हातातल्या वाटीत टाकतात. फिकट गुलाबी झालाय, ताजं रक्त नाही. अश्विनी वाटीकडे बघत नाही. ती मालनबाईंच्या तोंडाकडे बघते आणि तिचा आवाज चढतो.

"लावलीत ना मिश्री? घसा कोरडा केला मी सांगून सांगून. हनुवटीला बोटं उमटलीत बघा, काळी."

ती भिंतीवरचा आरसा काढून पुढे धरते. हनुवटीच्या एका अंगाला अंगठा, दुसऱ्या अंगाला दोन बोटं. मालनबाई आपले हात उलटेपालटे करून बघतात. दोन्ही स्वच्छ आहेत. उशीखालून डबी काढतात. दवाखान्यात जाताना झाकणावर अडकवलेलं रबर तसंच आहे.

"वरडू नगंस," मालनबाई म्हणतात. ओठ अजून जड आहे, शब्द वाकडे येतात, पण राग सरळ येतो. "मी न्हाई लावली. ही घे, मोरीत वत."

अश्विनी डबी घेते. मग ती ओढणीचं टोक पाण्यात बुडवून त्यांची हनुवटी पुसायला वाकते. मालनबाई तिचं मनगट धरतात.

"ऱ्हाऊ दे त्ये. आधी बॅटरी आण. माझ्या तोंडात काय हाय त्ये तुला दावायचंय."