पिल्लाच्या आईला मारलेला दगड

बोथ गावच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा आमचा जुना कुत्रा म्हातारा होऊन गेला. बायकोनं कितीतरी दिवस दुसऱ्याचं नाव काढू दिलं नाही. मग एका आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता तिनंच माळणीला विचारलं, तुमची कुत्री व्याली म्हणे? माळीण एकटी बाई. बाजारहत्नूरच्या रस्त्यावरचा मळा तीच पाहायची. रविवारी या म्हणाली.

आम्ही स्कूटरवरून गेलो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पोत्यावर तीन पिल्लं होती. मी टाळ्या वाजवून, शीळ घालून त्यांची परीक्षा घेऊ लागलो. तेवढ्यात तांबूस पिल्लानं बायकोचा पदर चावायला घेतला आणि निवड तिथंच झाली. आई शेजारीच बसली होती. हाडकुळी, एक कान फाटलेला. तिनं माझा हात चाटला.

माळीण म्हणाली, कुत्रीला बांधते, नाही तर ती मागं येईल. दोरी आणेपर्यंत चहा घ्या. दुपारी आमच्याकडे हेडमास्तर जेवायला येणार होते. मी म्हणालो, स्कूटरपुढं ती किती पळणार? आणि निघालो.

ती पळाली. रस्ता खड्ड्यांचा, मला वेग घेता येईना. बायकोच्या पिशवीतून पिल्लू कुंईकुंई करत होतं. बायको म्हणाली, मागं फिरा, हिला सोडून येऊ. पण आत्ताच मोठ्या तोऱ्यात नको म्हणून आलो होतो. माळणीसमोर परत जायची मला लाज वाटली. मी स्कूटर थांबवून ओरडलो. कुत्री शेपूट हलवत जवळ आली आणि पिशवी हुंगू लागली. मी तिला लाथेनं दूर लोटलं. पुन्हा आली. मग मी दगड उचलला.

भिववायला उचलला होता, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण मारला तो नेम धरूनच. पुढच्या पायावर बसला. ती एकदाच ओरडली आणि रस्त्यातच खाली बसली. मी स्कूटर सुरू केली. बायको मान वळवून मागं पाहत राहिली.

पुढच्या बाजारात माळणीनं आधी पिल्लाची खुशाली विचारली. मग म्हणाली, "त्याच्या मायचा पाय मोडला जी. कोण्या गाडीवाल्यानं ठोकलं असंल."

"असेल," मी म्हणालो.

तिनं पिल्लाच्या घरची भेट म्हणून कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. ती बायकोनं चिरली नाही. जुडी सुकून गेली तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

तरी मी आणखी दोन बाजार टाळले. शेवटी एका रविवारी मळ्यात गेलो. बांधावर माळीण मिरच्या तोडत होती, कुत्री तिच्या पायाशी पडलेली. स्कूटरचा आवाज आला तशी कुत्री उठली, तीन पायांवर उड्या घेत मोटारीच्या खोलीमागं जाऊन दडली. माळणीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, तुमी व्हय?"

मी मान हलवली.

"दोरी आणूनच राह्यली होती ना मी," ती म्हणाली. "काऊन एवढी घाई होती तुमाले?"

हेडमास्तरांच्या जेवणाचं मी सांगू शकलो नाही. ती रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पिल्लू दूधभाकर खातं का, एवढं तिनं विचारलं आणि पुन्हा मिरच्यांकडे वळली.

पिल्लू आमच्याकडे बारा वर्षं राहिलं. त्याचा माझ्यावर फार जीव. शाळेतून यायच्या वेळी दारात बसलेलं असायचं. दर दिवाळीला बायको त्याला ऑटोत घालून मळ्यात आईकडे नेऊन आणायची. परत आली की सांगायची, म्हातारीनं लेकराला ओळखलं. ती कुत्री जिवंत होती तोवर हे चाललं. मला चला असं बायको कधी म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.