वेदरकोपची वाचनखोली आणि हॅना रेन

प्रिय हॅना,

आपल्या डरहॅम परगण्यातल्या वाचनालयांचा इतिहास छापून आलाय. गुळगुळीत कागद, देणगीदारांचे फोटो, कोनशिला कोणी बसवली त्याचं कौतुक. आपल्या वेदरकोप गावाला अर्धं पान. त्यात तुझं नाव नाही आणि रक्ताचा एक थेंबही नाही. म्हणून तुझी गोष्ट इतिहासासारखी मीच लिहायला बसले. तुला आवडेल असं लिहीन, असं मात्र समजू नकोस.

हॅना रेन वाचनालयात झाडलोट करायची, शेगडी पेटवायची आणि माणसं बाहेर फेकायची. हे शेवटचं काम तिला मनापासून आवडे. नवरा खाणीत दबून मेल्यावर वाचनालयाच्या समितीने तिला ही नोकरी दिली आणि राहायला इमारतीचं तळघर. दंड लोहारासारखे. दारुड्याचं मानगूट धरून ती त्याचं तोंड एकदा चौकटीवर आपटायची, मग पायरीवरून ढकलून द्यायची. वर म्हणायची, "पुस्तक हवं तर उद्या ये, राजा. आज दात गोळा कर."

वर्तमानपत्रं उतरत्या फळ्यांवर पितळी दांड्याखाली अडकवलेली असत. लावण्याआधी त्यांतल्या घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्यांवर काळी शाई फिरवायची, असा नियम होता. म्हणजे जुगारी फिरकणार नाहीत. हॅना रोज सकाळी शाईचा रोलर घेऊन ते उरकून टाकी.

खाण बंद पडली त्या हिवाळ्यात गावात फुकट ऊब मिळायची ती फक्त वाचनखोलीत. शेगडीजवळच्या बाकासाठी रोज गुद्दागुद्दी. एकाने दुसऱ्याचा कान चावून तोडला, तेव्हा समितीचे अध्यक्ष मिस्टर ऑर्ड येऊन बजावून गेले, "आणखी एक मारामारी, की खोलीला कुलूप. आणि बाई, तळघरही रिकामं करायचं."

ते ऐकल्यापासून हॅना धुमसत होती. दुसऱ्या दिवशी तिने रोलर नीट निथळू दिलाच नाही. शाईने थबथबलेला तसाच दोनदा दाबून फिरवला. कागद पातळ. शाई आरपार उतरली. मागच्या पानावर नोकऱ्यांच्या जाहिराती होत्या.

खाणीतून बेकार झालेला जॉस पॅलिस्टर दार उघडायच्या आधीपासून बाहेर उभा होता. नॉटिंगहॅमकडची एक खाण माणसं घेतेय आणि पत्ता आजच्या अंकात आहे, असं त्याने ऐकलं होतं. अंक विकत घ्यायची ऐपत नव्हती. त्याने पान उलटलं आणि तो तसाच उभा राहिला.

"हॅना, काम कुठंय?"

"शर्यत दिसत नाही म्हणून रडतोयस होय?"

"घोडे पुढच्या बाजूला होते, बये. मागे माझी पोरं होती."

"मग शेगडीपाशी बैस आणि पोरांना पत्र लिही," हॅना म्हणाली. दोघेचौघे खिदळले.

जॉसने फळीवरचा दांडा स्क्रूंसकट उपटला आणि तिच्या तोंडावर हाणला. डाव्या डोळ्याची खाचच झाली. ती पडली नाही. हाताशी कोळशाचं फावडं होतं, ते तिने फिरवलं. जॉसचं मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग खोलीभर मारामारी पेटली. बाक फुटले, काचा फुटल्या, शेगडीत कोणाचा तरी हात दाबला गेला. पोलीस दंडुके घेऊन शिरले, आणि दंडुक्याला वाचक काय आणि जुगारी काय.

कॉलेजातून थेट ग्रंथपाल म्हणून मी त्याच आठवड्यात रुजू झाले होते. समितीपुढे हॅनाला धरून मीच नेलं. ऑर्ड म्हणाले, "सुरुवात कोणी केली त्याचं नाव सांगा. माणूस तुरुंगात गेला तर खोली उघडी राहील. दोष वाचनालयातल्याच माणसांचा निघाला, तर मात्र कुलूप."

पट्टीखालून रक्त पाझरत होतं. हॅना म्हणाली, "जॉस पॅलिस्टर." शाईचं नावही तिने तोंडातून काढलं नाही.

खोली उघडी राहिली. जॉस डरहॅमच्या तुरुंगात गेला, तोही मोडका हात घेऊन.

आठवड्याभराने ती माझ्या टेबलापाशी आली. तंबाखूची पुडी ठेवली. "तुरुंगात जाऊन जॉसला दे. आणि सांग, शाई माझ्या हातून उतरली."

"तूच का जात नाहीस?"

"मी गेले तर तो पुन्हा हाणेल. आणि मग मीही."

मी पुडी खणात टाकली. आधी बर्फाने बस बंद, मग माझी पुस्तकांची मोजदाद. हॅनाने एकदाच विचारलं, "गेलीस का गं?"

"या शनिवारी," मी म्हणाले.

त्या शनिवारी मी केस धुतले. नंतर कळलं, जॉस सुटून बायकोपोरांसह दक्षिणेकडे निघून गेला. कुठे, ते कोणालाच सांगता येईना.